घंटेची दोरी कोणाच्या हातात? : कोलोन ते ब्रुज

मध्ययुगीन युरोपात माणसाच्या हातून निघणारा सगळ्यात मोठा आवाज चर्चच्या घंटेचा होता. तोफा बऱ्याच उशिरा आल्या, इंजिनं तर फारच पुढची गोष्ट. आभाळ गडगडलं तर तेवढाच काय तो याहून मोठा आवाज. माणसं घंटेवर उठत, घंटेवर कामाला लागत आणि रात्रीची घंटा झाली की चुलीतले निखारे राखेनं झाकत, कारण लाकडी घरांच्या गावात एक ठिणगीही पुरे व्हायची. आग लागली, शत्रू आला, शेजारचं कोणी वारलं, तरी पहिल्यांदा कळायचं ते मनोऱ्यावरून. हे सगळं बरीच वर्षं वाचत होते. पण आवाज वाचून कळत नाही, म्हणून निघाले.

ताई कोलोनजवळ राहते, तीही बरोबर आली. दिवस मुद्दाम ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातले निवडले. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत कॅथलिक चर्चच्या घंटा वाजवत नाहीत. घंटा असणं म्हणजे काय हे नीट कळायचं असेल तर ती नसतानाचे दिवसही अनुभवायला हवेत, असं मला वाटत होतं.

रविवार, कोलोन

झावळ्यांचा रविवार. कॅथेड्रलसमोरच्या चौकात हातात हिरव्या डहाळ्या घेतलेली माणसं जमत होती. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीच्या, आधी घंटा सुरू झाल्या. आधी एक, मग तिच्यात दुसरी, मग मोजता येईनात. पायाखालचा दगड हलल्यासारखा वाटला. शेजारी उभ्या असलेल्या ताईला काही सांगायचं म्हटलं तरी कानाशी तोंड न्यावं लागत होतं. मला अंदाज होता तो सुरेलपणाचा, पण आधी जाणवला तो दाब.

ताई गाणं शिकलेली आहे. घंटांचा मेळ थांबल्यावर नंतर एकदा एकच टोल पडला, तेव्हा ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगं, यात कोमल गंधार आहे. स्पष्ट." मला वाटलं तिला भास होतोय. पण ती बरोबर होती. चांगल्या घंटेच्या एका टोल्यात निदान पाच स्वर असतात. मुख्य स्वराला षड्ज धरलं, तर त्याच्याखाली एक सप्तक उतरून घुमणारा खर्ज, वर कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज. हा कोमल गंधार घंटेच्या आकारातूनच येतो. तारेच्या किंवा बासरीच्या उपस्वरांत तो असा ठळक नसतो. आनंदाच्या सणालाही घंटेचा आवाज कुठेतरी व्याकूळ करतो, त्याचं एक कारण मला तिथे मिळालं. मध्ययुगातले ओतारी हे गणितानं करत नव्हते. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, कडेला किती फाकवायची, हे प्रमाण गुरूकडून शिष्याकडे जात असे. घंटेच्या आतला धातू खरवडून हे पाचही स्वर नेमके जुळवणं जमलं ते १७ व्या शतकात, नेदरलँड्समधल्या हेमोनी भावांना.

दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढताना वाटेतच घंटांचं दालन लागतं. सगळ्यांचे डोळे पेटर घंटेकडे जातात, कारण ती २४ टनांची आहे. पण ती १९२३ ची. मी गेले होते प्रेसिओजासाठी. ही १४४८ साली ओतलेली, सुमारे १० टनांची, आणि तिच्या जवळपास निम्म्या वजनाची स्पेसिओजा पुढच्याच वर्षी, १४४९ मध्ये ओतलेली. त्या काळी हा मनोरा अर्धवटच होता. सोळाव्या शतकात कॅथेड्रलचं काम जे थांबलं ते १९ व्या शतकापर्यंत; मनोऱ्याच्या डोक्यावर दगड उचलायची लाकडी क्रेन शतकानुशतकं तशीच उभी होती आणि तिच्या खाली या दोघी वाजत होत्या. कॅथेड्रल पूर्ण झालं १८८० साली. म्हणजे कोलोनच्या कित्येक पिढ्यांनी कळस पाहिला नाही, पण हा आवाज मात्र ऐकला.

पेटर घंटेच्या जागी आधी जी घंटा होती ती १८७० च्या युद्धात जिंकलेल्या फ्रेंच तोफा वितळवून केलेली होती, आणि १९१८ मध्ये ती शस्त्रांच्या धातूसाठी उतरवून तोडली. दुसऱ्या महायुद्धात तर नाझी राजवटीनं युरोपभरच्या घंटांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी लावली. सगळ्यात जुन्या आणि मोलाच्या घंटा 'ड' मध्ये गेल्या म्हणून बहुतेक वाचल्या, बाकीच्यांतल्या दीड लाखांच्या आसपास वितळल्या. पाचशे वर्षं एका गावाला उठवणारी वस्तू कागदावरच्या एका अक्षरानं भट्टीत जाते, हे वाचताना मला अजूनही चीड येते.

दुपारी संग्रहालयात कोलोनची सगळ्यात जुनी घंटा पाहिली. 'झाउफांग' नावाची. लोखंडी पत्रे ठोकून खिळ्यांनी जोडलेली, गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखी चपटी, फक्त कितीतरी मोठी. डुकरांनी चिखलातून उकरून काढली अशी दंतकथा आहे, नावही त्यावरूनच. युरोपातल्या पहिल्या चर्च-घंटा अशाच होत्या. आयर्लंडकडून आलेले मठवासी अशा घंटा हातात घेऊन फिरत. त्यांचा आवाज फार लांब जात नसणार. ओतीव काशाची घंटा आली आणि आवाज कोसभर पोचू लागला, तेव्हा ती मठाच्या भिंतीबाहेरच्यांच्याही आयुष्यात शिरली.

सोमवार, आखेन

आगगाडीनं तासाभराच्या आत आखेन. सम्राट शार्लमेनची ही राजधानी. त्याचं अष्टकोनी प्रार्थनामंदिर आजच्या कॅथेड्रलच्या पोटात जसंच्या तसं आहे. आताच्या घंटा १६५६ च्या आगीनंतरच्या, त्यामुळे ऐकण्यासारखं माझ्या कामाचं फारसं नव्हतं. मी आले होते त्या गोष्टीसाठी.

शार्लमेनच्या मृत्यूनंतर सुमारे सत्तर वर्षांनी सांक्ट गालेनच्या मठातल्या एका साधूनं ती लिहून ठेवली आहे. त्याच मठातल्या टांको नावाच्या साधूनं सम्राटाला एक उत्तम घंटा करून दिली. सम्राट खूश झाला. तेव्हा दुसरा एक कुशल ओतारी म्हणाला, "महाराज, मला पुरेसं तांबं द्या आणि कथलाऐवजी शंभर पौंड चांदी द्या, अशी घंटा करतो की ही तिच्यापुढे मुकी वाटेल." चांदी मिळाली. ओताऱ्यानं ती स्वतःकडे ठेवली आणि शुद्ध केलेलं कथील वापरून घंटा ओतली. घंटा देखणी झाली, टांगली, पण कोणालाच ती वाजवता येईना. शेवटी ओताऱ्यानं स्वतः दोरी धरून जोर लावला, तर आतला लोलक निसटून त्याच्याच डोक्यावर पडला आणि तो मेला.

गोष्ट लोभाची आहे, पण मला तिच्यातला धातूचा भाग जास्त मोलाचा वाटतो. चांदीनं आवाज गोड होतो हा समज युरोपात पुढेही शेकडो वर्षं राहिला. लोक भट्टीत चांदीची नाणी टाकत. प्रत्यक्षात घंटेचा धातू म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. आपल्याकडचं कासं याच प्रमाणाचं. वारकऱ्यांचे टाळ आणि कोलोनची प्रेसिओजा एकाच जातीच्या धातूची आहेत. कथील वाढवलं की आवाज खुलतो पण धातू ठिसूळ होतो, कमी केलं की मजबुती येते आणि आवाज मिटतो. त्या ओताऱ्यानं चोरी केली हे खरं, पण कथील घालून त्यानं घंटा बिघडवली नव्हती.

ओतण्याची पद्धतही बाराव्या शतकातल्या थिऑफिलस या मठवाशानं लिहून ठेवली आहे. आत मातीचा गाभा, त्यावर मेणाची हुबेहूब घंटा, त्यावर पुन्हा मातीचा लेप. आच दिली की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. पुढे मेणाऐवजी मातीचीच खोटी घंटा करू लागले. मोठी घंटा दुरून आणणं अवघड, म्हणून ओतारीच गावोगाव फिरत आणि चर्चच्या आवारात खड्डा खणून तिथेच घंटा ओतत. अशा ओतखड्ड्यांचे अवशेष आजही चर्चच्या फरशीखाली उत्खननात सापडतात.

याच शार्लमेनचा ७८९ सालचा एक हुकूम आहे: घंटांचा बाप्तिस्मा करू नये, आणि गारपीट टाळण्यासाठी काठ्यांना लिहिलेले कागद बांधू नयेत. लोकांनी हुकूम मानला नाही. बिशप घंटेला पाण्यानं धुवायचे, पवित्र तेल लावायचे, तिच्याखाली धूप जाळायचे, तिला नाव द्यायचे, आणि तिला धर्ममाता-धर्मपिताही असायचे. चर्च याला आशीर्वाद म्हणायचं, लोक बाप्तिस्माच म्हणत. अशा घंटेचा आवाज वादळ पळवतो अशी श्रद्धा होती. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउजेनच्या १४८६ सालच्या घंटेवर लॅटिनमध्ये कोरलंय, 'जिवंतांना बोलावते, मेलेल्यांसाठी शोक करते, विजा मोडते.' विजा कडाडू लागल्या की माणसं मनोऱ्याकडे धावत आणि दोर ओढत. गावातल्या सगळ्यात उंच जागी, ओला दोर हातात धरून. त्यात किती तरी जणांनी जीव गमावला, तरी ही प्रथा अठराव्या शतकापर्यंत टिकली. मला त्यांना अडाणी म्हणवत नाही. उभं पीक डोळ्यांदेखत गारांनी झोपतं तेव्हा हातात जे असेल ते माणूस वाजवतोच.

मंगळवार, गेंट

लीएज, ब्रुसेल्स असं करत दुपारी गेंट. शहराच्या मध्यावर एका रेषेत तीन मनोरे: संत निकोलसचं चर्च, बेल्फोर्ट, आणि संत बाव्हो कॅथेड्रल. मधला मनोरा चर्चचा नाही, शहराचा आहे. मला जे शोधायचं होतं ते या तीन मनोऱ्यांच्या मधल्या चारशे-पाचशे पावलांत आहे.

आधी शहराची घंटा संत निकोलसच्या मनोऱ्यात असे. म्हणजे नागरिकांना सभेला बोलवायचं तरी दोरी चर्चच्या आवारात. चौदाव्या शतकात लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालेल्या गेंटनं स्वतःचा मनोरा बांधला. घंटा तिथे गेलीच, आणि खालच्या भक्कम खोलीत शहराच्या हक्कांच्या सनदाही कुलपात ठेवल्या. १३७७ मध्ये शिखरावर सोनेरी मुलाम्याचा ड्रॅगन बसवला. मनोरा ९१ मीटर उंच आहे, आता लिफ्टही आहे.

मठाची घंटा प्रार्थनेची वेळ सांगायची. पहाटेची, सकाळची, तिसऱ्या प्रहराची, संध्याकाळची. या वेळा सूर्यावर चालत. उजेडाचे बारा भाग, मग दिवस मोठा असो की लहान. फ्लँडर्समध्ये, म्हणजे गेंट-ब्रुजच्या या प्रदेशात, डिसेंबरातला असा तास आपल्या ४० मिनिटांचा आणि जूनमधला ८० मिनिटांचा व्हायचा. शेतकऱ्याला त्याचं काही नव्हतं. पण दिवसाच्या मजुरीवर माणसं लावणाऱ्या कापड-व्यापाऱ्याला ते परवडेना. त्याला कामाची वेगळी घंटा हवी होती.

त्याची एक नोंद याच शहरातली आहे. १३२४ साली संत पीटर मठाच्या मठाधिपतीनं कापड तुडवून घट्ट करणाऱ्या कामगारांना, संत जॉन परगण्यात नव्यानं उभारलेल्या त्यांच्या आश्रमगृहात घंटा बसवायला परवानगी दिली. संत जॉनचं चर्च म्हणजेच आजचं संत बाव्हो कॅथेड्रल. परवानगी लागली, याचा अर्थ घंटा वाजवणं हा अधिकार होता आणि तो कोणाचा तरी होता. ११ वर्षांनी, १३३५ मध्ये, फ्रान्सच्या सहाव्या फिलिप राजानं आमियाँच्या महापौराची विनंती मान्य केली: मजुरांनी सकाळी कामाला केव्हा जायचं, जेवायला केव्हा सुटायचं, पुन्हा केव्हा लागायचं आणि संध्याकाळी केव्हा सोडायचं, हे घंटा सांगेल. १३५५ मध्ये एर-स्युर-ला-लीसलाही अशाच घंटेसाठी मनोरा बांधायची मुभा मिळाली.

गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. माझे आजोबा गिरणगावातले. भोंग्याच्या आधी पाच मिनिटं दाराशी उभे असत असं आई सांगायची. आमियाँच्या त्या चार घंटा वाचल्या तेव्हा मला आधी तेच आठवले.

कामगारांनी हे मुकाट सोसलं नाही. घंटा लवकर वाजवली, उशिरा वाजवली, यावरून भांडणं झाली, घंटा ताब्यात घ्यायचे प्रयत्न झाले. काही गावांच्या नियमांत बंडासाठी कामाची घंटा वाजवणाऱ्याला देहदंड होता. तेरुआन गावात १३६७ साली चर्चच्या प्रमुखांना शेवटी विणकर, तुडवणारे आणि इतर कारागीरांना वचन द्यावं लागलं की कामगारांची घंटा कायमची बंद राहील. या एका नोंदीमागे किती संध्याकाळच्या सभा, किती धमक्या आणि किती बुडालेली मजुरी असेल, याचा मी दिवसभर विचार करत राहिले.

बेल्फोर्टची सगळ्यात प्रसिद्ध घंटा रोलांट. तिच्यावरच्या ओळींचा अर्थ असा: 'माझं नाव रोलांट. मी ठोके देते तेव्हा आग असते, मी झुलते तेव्हा फ्लँडर्सवर वादळ असतं.' लोलकानं नुसते ठोके देणं आणि पूर्ण घंटा झुलवणं, हे दोन वेगळे आवाज आणि दोन वेगळे अर्थ. गावातल्या लहान मुलालाही ते कळत असणार. १५३९ मध्ये गेंटनं कराविरुद्ध बंड केलं, तेव्हा पुढच्याच वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सनं, जो याच शहरात जन्मला होता, शहराचे हक्क काढून घेतले, मान्यवरांना गळ्यात दोर घालून अनवाणी फिरवलं आणि रोलांट उतरवण्याचा हुकूम दिला. बंड मोडायचं तर आधी घंटा बंद करायची, हे त्याला नीट माहीत होतं. पुढे १६५९-६० च्या सुमारास पीटर हेमोनीनं जुनी रोलांट वितळवून तिच्यातून सुरेल घंटांचा संच केला. त्याचीच १६६० ची सहा टनी 'ट्रायम्फांट' १९१४ मध्ये तडकली. ती आता मनोऱ्याजवळ उघड्यावर ठेवली आहे. मुलं तिच्या तड्यावर बोट फिरवत होती. मीही फिरवलं.

बुधवार, तूर्ने

बेल्जियममधला सगळ्यात जुना नगर-मनोरा तूर्नेचा. शहर फ्रेंच बोलणारं, पाच मनोऱ्यांचं कॅथेड्रल, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर हा ७२ मीटरचा बेल्फ्री. ११८८ साली फ्रान्सच्या फिलिप ऑगस्ट राजानं तूर्नेला सनद दिली, आणि तिच्यात एक कलम असं होतं की शहरानं योग्य जागी घंटा टांगावी आणि शहराच्या कामासाठी हवी तेव्हा वाजवावी. या एका कलमासाठी मी इथवर आले. सनदेतला हा हक्क दगडात बांधून काढलेला आहे आणि त्याच्या २५७ पायऱ्या चढून जाता येतं.

वर १३९२ सालच्या घंटा आहेत, रोबँ द क्रुआझीय या ओताऱ्याच्या. त्यांतली 'बाँक्लोक' युद्धाच्या भयात माणसं गोळा करायला होती. तिच्याजवळ उभं राहून खाली पाहिलं की कॅथेड्रलचे पाचही मनोरे समोर येतात. बिशपचे पाच आणि नागरिकांचा एक. तरीही त्या एकाची किंमत काय होती, ते वर गेल्यावर कळतं.

तूर्नेचं दुसरं दुःखद प्रकरण १३४९ चं. काळी महामारी शहरात आली. मठाधिपती जिल ल म्युझिस यानं तो काळ लिहून ठेवला आहे. माणसं इतकी मरत होती की चर्चच्या घंटा दिवसरात्र वाजत राहिल्या. प्रत्येक मृताची घंटा वाजायची, मोठ्या माणसाची जास्त वेळ आणि मोठी, गरिबाची थोडी, कारण वाजवण्याचे पैसे असत. ऐकणारे थांबायचे, मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायचे. मरणारा आपला नसला तरी त्या क्षणी गाव त्याच्याबरोबर असायचं. पण महामारीत हाच आवाज जिवंतांना मारू लागला. तापानं पडलेला माणूस पहाटेपासून मोजत राहणार, आज किती. शेवटी नगर-अधिकाऱ्यांनी मृतांसाठी घंटा वाजवायला बंदी केली. त्याच फर्मानांत जुगारही बंद केला, तेव्हा फासे करणाऱ्यांनी जपमाळेचे मणी करायला सुरुवात केली असं म्युझिस लिहितो. इटलीत पिस्तोइया शहरानंही आदल्याच वर्षी, १३४८ मध्ये, आजारी माणसं घाबरू नयेत म्हणून मृताची घंटा बंद केली होती.

खाली उतरल्यावर ताई म्हणाली, "कोविडच्या दिवसांत रुग्णवाहिकेचे भोंगे ऐकायचो, आठवतं?" आठवत होतं. आम्ही दोघी बराच वेळ चौकातल्या बाकावर बसून राहिलो.

गुरुवार, कॉर्ट्राइक आणि संध्याकाळी ब्रुज

कॉर्ट्राइकच्या बाजारचौकात ठेंगणा, लाल विटांचा बेल्फोर्ट आहे. शिखरावर मांटेन आणि काले, हातोड्यानं तास ठोकणारं धातूचं जोडपं. या मांटेनची गोष्ट युद्धाची आहे. १३०२ साली इथेच, ग्रुनिंगेच्या शेतात, फ्लेमिश विणकरांच्या पायदळानं फ्रेंच सरदारांना हरवलं आणि त्यांच्या सोनेरी टाचा, म्हणजे घोड्याला टोचायच्या बुटांवरच्या आऱ्या, चर्चमध्ये टांगल्या. ८० वर्षांनी, १३८२ मध्ये, रोझेबेकेची लढाई जिंकून फ्रेंच परत आले. त्यांनी शहर जाळलं, टाचा परत नेल्या, आणि बर्गंडीचा ड्यूक फिलिप चौकातलं घड्याळ, घंटा आणि ठोके देणारा पुतळा हे सगळं गाडीवर लादून आपल्या दिजाँ शहरात घेऊन गेला. दिजाँच्या नोत्र-दाम चर्चवर त्याची परंपरा अजून चालू आहे. १९६१ मध्ये दिजाँनं कॉर्ट्राइकला नवं जोडपं देऊन ते जुनं वैर संपवलं.

हरलेल्यांची घंटा जिंकणारे नेतात. हे आपल्याला नवीन नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी आपल्या देवळांत आणल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात १७२१ सालाची आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावरच्या देवळात १७०७ ची आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया अजून दिसते. मेणवलीची घंटा मी वाजवली आहे. तिचा नाद वसईच्या कुठल्या मनोऱ्यातून, कोणत्या वेळी, कोणासाठी उठत असेल हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. कॉर्ट्राइकच्या चौकात पडला.

संध्याकाळी ब्रुज. सामान टाकून संत साल्व्हाटर कॅथेड्रलमध्ये पवित्र गुरुवारच्या मिस्साला बसलो. 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत सुरू होताच आतल्या छोट्या घंटा आणि वरच्या मोठ्या घंटा एकदमच वाजू लागल्या. गाणं संपलं, घंटा थांबल्या. यानंतर शनिवार रात्रीपर्यंत नाहीत. मुलांना सांगतात की घंटा रोमला गेल्या आहेत.

शुक्रवार, ब्रुज

चर्चच्या घंटा बंद असल्या तरी शहर मुकं नव्हतं. दर पाव तासाला बाजारचौकातल्या बेल्फोर्टमधून घंटांची सुरावट येत होती. तो मनोरा शहराचा, आणि शहराचं घड्याळ रोमला जात नाही. मध्ययुगात एकाच गावावर दोन काळ चालत होते असं पुस्तकात वाचलं होतं, इथे ते दोन्ही वेगवेगळे ऐकू आले. देवाचा काळ थांबलेला, बाजाराचा चालू.

बेल्फोर्टच्या ३६६ पायऱ्या अरुंद होत जातात, शेवटी दोर धरूनच चढावं लागतं. वाटेत खजिन्याची खोली, जिथे सनदा आणि शहराची मोहोर ठेवत. पेटीला अनेक कुलपं आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. १२८० च्या आगीत जुने कागद जळाल्यावर ब्रुजनं धडा घेतला होता. त्याच्या वर १७४८ चा प्रचंड पितळी पिंप. त्यावर बसवलेल्या खुंट्या फिरता फिरता तारा ओढतात आणि तारा हातोडे. सगळ्यात वर ४७ घंटा. आम्ही तिथे असतानाच पाऊण वाजला. पिंप गरगरला, खुंट्या खटखटल्या आणि डोक्यावरून सूर कोसळले. मनोऱ्याचा वरचा अष्टकोनी भाग १४८० च्या दशकातला. तिथल्या खिडक्यांतून रात्री पहारेकरी आगीवर नजर ठेवत, आणि वेशीचे दरवाजे उघडायची-मिटायची वेळ घंटेवर ठरे. घंटेनंतर पोचलेल्या प्रवाशाची रात्र वेशीबाहेर जायची.

तास समान होण्याचं काम यंत्रानं केलं. १३३६ मध्ये मिलानच्या सान गोत्तार्दो चर्चवरचं घड्याळ दिवसरात्रीच्या २४ तासांचे ठोके देऊ लागलं, आणि शतक संपायच्या आत युरोपातल्या श्रीमंत शहरांना तसं घड्याळ नसणं कमीपणाचं वाटू लागलं.

दुपारी १२ ला एरवी अँजेलसची, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेची, घंटा वाजते. तिच्या दुपारच्या वाजण्याचा संबंध १४५६ शी जोडतात, जेव्हा बेलग्रेडला तुर्कांचा वेढा पडला होता आणि तिसऱ्या कॅलिक्स्टस पोपनं सगळ्या चर्चना दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करायला सांगितलं होतं. त्या शुक्रवारी ती वाजली नाही. तीन वाजताच्या प्रार्थनेला घंटेऐवजी लाकडी कटकट्या फिरवला. कोरडा, हाडं मोडल्यासारखा आवाज. गोव्यात आजही गुड फ्रायडेला असाच वाजवतात, तिथे त्याला मात्राक म्हणतात. धातूच्या झंकारानंतर लाकूड ऐकलं की मन दचकतं. हेच अपेक्षित असणार.

शनिवार, ब्रुज

दिवसभर पाऊस. कालव्याकाठी फार हिंडलो नाही.

रात्री जागरणाचा मिस्सा. चर्चमध्ये अंधार, मग एका मोठ्या मेणबत्तीवरून हातोहात पसरत गेलेल्या ज्योती. लांबलचक वाचनं. मग ग्लोरिया, आणि घंटा परतल्या. आतून ऐकताना दगडी कमानींत तो नाद साठत गेला, म्हणून आम्ही दोघी मुद्दाम दाराबाहेर आलो. साल्व्हाटरच्या घंटा वाजत होत्याच, ब्रुजच्याच नोत्र-दाम चर्चच्या बाजूनंही आवाज येत होता, आणि तेवढ्यात बेल्फोर्टचे ठोके पडले. सगळे एकमेकांत मिसळले, कोणाचं काय ते ओळखू येईना. ताई आधी स्वर शोधत होती, मग तिनं तो नाद सोडला आणि नुसती हसत उभी राहिली. रस्त्यातून चाललेली माणसं थांबून वर बघत होती. मध्ययुगातल्या माणसाला ४० दिवसांचा उपास, दोन-अडीच दिवसांचा मुका मनोरा आणि त्यानंतर हे, असं मिळत होतं. त्याला ईस्टर सांगावा लागत नसेल.

रविवार, परत

न्याहारीच्या टेबलाशी शेजारच्या कुटुंबातली मुलं चॉकलेटची अंडी मोजत होती. बेल्जियममध्ये ईस्टरची अंडी आणतात त्या घंटाच. रोमहून परतताना बागांमधून टाकत येतात. धाकटी आईला विचारत होती, आमच्या बागेवरून कुठली घंटा गेली. आईनं खिडकीतून एक मनोरा दाखवला.

११ वाजता बेल्फोर्टमध्ये वादक स्वतः मुठींनी दांडे दाबत वाजवतो. तो कार्यक्रम चौकात उभं राहून पुरता ऐकला आणि मग ब्रुसेल्सची गाडी धरली. गाडीत ताईनं पुढच्या खेपेचं ठरवूनही टाकलं. एर्फुर्टची ग्लोरिओजा. खेरार्ड फान वाउनं १४९७ मध्ये ओतलेली, साडेअकरा टनांच्या आसपास, झुलवत वाजवल्या जाणाऱ्या मध्ययुगीन घंटांमध्ये सगळ्यात मोठी. १९८५ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये तिचा तडा सांधावा लागला. आता ती वर्षातल्या मोजक्या सणांनाच वाजवतात. ताईनं फोनवर तारखा काढल्या आणि कोलोन यायच्या आत तिकिटांचे दरही पाहून झाले.